ग्रँड नॅशनलच्या ३४ जागा नेमक्या कोणाच्या?

नमस्कार. लिव्हरपूलजवळच्या एनट्री रेसकोर्सवर दर एप्रिलमध्ये होणारी ग्रँड नॅशनल ही स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या घेत धावण्याची शर्यत, जवळपास ६.९ किलोमीटर लांबीची असते आणि तिच्यात घोड्याला ३० उड्या घ्याव्या लागतात. २०२४ पासून या शर्यतीत जास्तीत जास्त ३४ घोडे उतरू शकतात. त्याआधी ही मर्यादा ४० होती. संख्या घटवल्यामुळे शर्यतीचा आत्माच हरवला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते संख्या घटवली ते योग्यच झाले. आक्षेप घ्यायचाच असेल तर तो या ३४ जागा ज्या रीतीने भरल्या जातात, त्या रीतीवर घ्यायला हवा.

आधी संख्येचे पाहू. १९२९ साली या शर्यतीत तब्बल ६६ घोडे सुटले होते. १९६७ साली ४४ घोडे होते आणि २३ व्या अडथळ्यापाशी, जो खरे तर या मार्गावरच्या सर्वांत कमी उंचीच्या अडथळ्यांपैकी एक आहे, जॉकी आधीच पडल्यामुळे मोकाट धावणारा एक घोडा ऐन उडीच्या वेळी इतरांना आडवा गेला. पुढचे घोडे अडले, मागचे त्यांच्यावर आदळले, कित्येक जॉकी जमिनीवर आले, आणि बराच मागे राहिलेला फॉयनाव्हॉन नावाचा घोडा त्या गोंधळातून वाट काढून पुढे निघाला तो थेट जिंकलाच. त्याचा पैजेचा भाव होता १०० ला १, म्हणजे तो जिंकेल असे जवळपास कोणालाच वाटत नव्हते. ही गोष्ट रंगवून सांगितली जाते, पण अशा गर्दीत घोड्याची क्षमता बाजूला पडते आणि तो कुठे सापडला यावर निकाल ठरतो, हे तिच्यातून उघड दिसते. ४० ची मर्यादा आली ती १९८४ मध्ये.

२०२३ च्या शर्यतीत हिल सिक्स्टीन हा घोडा पहिल्याच अडथळ्यावर पडून मेला, आणि प्राणिहक्कांसाठीच्या निदर्शनांमुळे त्या दिवशी शर्यत सुरू व्हायलाही उशीर झाला होता. त्यानंतर मर्यादा ३४ वर आली आणि घोडे पूर्ण वेगात येण्याआधीच पहिली उडी व्हावी म्हणून पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेकडे ६० यार्ड सरकवण्यात आला. २०२४ मध्ये ३२ घोडे धावले, एकही पडला नाही आणि २१ घोड्यांनी शर्यत पूर्ण केली. एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये, हे मात्र लगेच पुढच्या वर्षी दिसले: २०२५ मध्ये ३४ पैकी १६ घोडेच शेवटापर्यंत पोहोचले, आणि शेवटच्या टप्प्यात कोसळलेला सेलेब्र दालेन हा १३ वर्षांचा घोडा काही दिवसांनी दगावला.

आता प्रवेशाचे नियम. घोडा किमान ७ वर्षांचा हवा, लांब पल्ल्याच्या स्टीपलचेसमध्ये त्याने पहिल्या चारांत स्थान मिळवलेले हवे, आणि त्याचे अधिकृत रेटिंग, म्हणजे आधीच्या कामगिरीवरून दिलेला क्षमतेचा अंक, किमान १३० हवे. हे किमान रेटिंग आधी १२५ होते, आणि ते वाढवण्याचा मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात यादी रेटिंगनुसार वरून खाली लावली जाते आणि वरचे ३४ घोडे आत जातात. ही रेषा १४० च्या पुढेच कुठेतरी पडते. म्हणजे १३१ रेटिंगचा घोडा कागदोपत्री पात्र असतो, पण त्याला दाराबाहेरच थांबावे लागते. खरी चाळणी रांगेची आहे, किमान रेटिंग हा निव्वळ उपचार आहे.

रेटिंगवरूनच घोड्याने पाठीवर किती वजन वाहायचे हेही ठरते: रेटिंगचा एक अंक म्हणजे एक पौंड. ही वजने फेब्रुवारीत जाहीर होतात आणि त्यानंतर घोड्याने काहीही पराक्रम केला तरी ती वाढत नाहीत. २०२३ चा विजेता कोराक रॅम्बलर याला १४६ रेटिंगवर वजन मिळाले. मार्चमध्ये चेल्टनहॅम रेसकोर्सवरच्या शर्यतीत तो जिंकला, त्याचे रेटिंग १० अंकांनी वाढले, आणि एनट्रीला मात्र तो जुन्याच हलक्या वजनावर धावला. यात त्याच्या ट्रेनरने काहीही गैर केले नाही, नियमच तसा आहे. याउलट २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे जिंकलेल्या टायगर रोलच्या मालकांनी, १६६ हे रेटिंग अवाजवी आहे असे सांगत, २०२१ मध्ये त्याला शर्यतीतूनच मागे घेतले. मला त्यांची तक्रार पटत नाही, कारण आधीच्या पराक्रमाचे वजन वाहायला लावणे हेच तर हँडिकॅप शर्यतीचे, म्हणजे क्षमतेनुसार कमी-जास्त वजन देऊन घोड्यांना बरोबरीत आणणाऱ्या शर्यतीचे, तत्त्व आहे.

त्याहून मोठा प्रश्न तबेल्यांचा आहे. एका ट्रेनरने या शर्यतीत किती घोडे उतरवावेत यावर बंधन नाही. २०२५ मध्ये आयर्लंडच्या विली मलिन्स यांच्या घोड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले आणि पहिल्या सातांत पाच घोडे त्यांचेच होते. एकूण बक्षीस दहा लाख पौंडांचे आहे आणि दहाव्या क्रमांकापर्यंत पैसे मिळतात, हे लक्षात घेतले तर सहा जागा कमी झाल्याचा फटका कोणाला बसला हे वेगळे सांगायला नको. मोठ्या तबेल्याचा एक घोडा रेषेखाली राहिला तरी त्याचे बाकीचे आत असतात. छोट्या ट्रेनरकडे मुळात असतो एकच.

चेक प्रजासत्ताकातल्या वेल्का पार्दुबित्स्का या शर्यतीत निराळी पद्धत आहे. तिथे त्याच मैदानावरची एखादी पात्रता-शर्यत पूर्ण केल्याशिवाय घोड्याला सहसा प्रवेश मिळत नाही. रेटिंगपेक्षा त्या मार्गाचा अनुभव मोलाचा मानला जातो. एनट्रीलाही हे करता येण्यासारखे आहे, कारण डिसेंबरमध्ये नॅशनलच्याच अडथळ्यांवर बेचर चेस ही शर्यत होते. तिच्यातल्या पहिल्या तीन घोड्यांना, त्यांचे रेटिंग १३० च्या वर असेल तर, रांग न पाहता जागा द्यावी. विजेत्याचे रेटिंग तसेही वाढते, त्यामुळे त्याला याची गरज बहुधा पडणार नाही. खरा फायदा दुसऱ्या-तिसऱ्या घोड्याला होईल. अशा वेळी यादीतला ३३ वा किंवा ३४ वा घोडा बाहेर जाईल, आणि त्याचा मालक अर्थातच चिडेल. पण ते अडथळे ज्याने एकदाही ओलांडलेले नाहीत अशा घोड्याऐवजी ते ओलांडून दाखवलेला घोडा आत आला, तर त्या मालकाला देण्यासारखे उत्तर आयोजकांकडे निदान असेल.