उकार दिसला पाहिजे

(दृश्य: गोव्यातलं फोंडा, जुलैतली सकाळ. बाजारातल्या इमारतीचा पहिला मजला. समोरच्या पत्र्यावर पाऊस वाजतोय.)

ही आमची खोली. तीन टेबलं, एक इन्व्हर्टर, आणि दाराशी पाणी गाळत उभ्या छत्र्या. आम्ही तिघं इथे बसून प्रोग्राम लिहितो.

गेल्या वर्षी एका देवस्थानच्या जुन्या पावत्यांची नोंद आमच्याकडे आली. भाविकाचं नाव, गाव, सेवा, रक्कम. सगळं मराठीत, पण युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक पद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टांमध्ये टाइप केलेलं. त्या काळी प्रत्येक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने देवनागरीचे तुकडे बसवायचा. तो फॉन्ट संगणकावर नसला, की ‘अभिषेक’ या शब्दाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी आम्ही स्वतःपुरतं एक टूल लिहिलं. डावीकडे जुनी ओळ, उजवीकडे नवी. बरोबर असेल तर एंटर, नसेल तर दुरुस्ती. शोधा-बदला होतं, गावानुसार गाळणी होती, अन्डू होतं, सगळ्याला कीबोर्डचे शॉर्टकट होते. “दिसण्याचं नंतर बघू,” हे वाक्य माझं. वापरणारे आपणच, मग सजावट कोणासाठी, असं मला मनापासून वाटत होतं.

(दृश्य: जुन्या टूलचा स्क्रीन, अगदी जवळून.)

नीट बघा. ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाची आहे. मराठी अक्षराला वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार लागतात, खाली उकार लागतो. इथे ओळीची खालची कड उकारावरूनच कापली जात होती. ऱ्हस्व उकार एका बाजूला वळतो, दीर्घ दुसऱ्या बाजूला. ते वळणच दिसत नव्हतं. उरायचं ते नुसतं टोक.

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली एक विद्यार्थिनी तेव्हा आमच्याकडे काम शिकायला यायची. तिने विचारलं, “दादा, सुर्ला दोन ओळींत दिसतंय ना? मग शोधल्यावर एकदाच का सापडतं?”

शोध बरोबर चालत होता. गावाचं नाव एका ओळीत ‘सुर्ला’ होतं, दुसऱ्या ओळीत ‘सूर्ला’. आमच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच.

तोवर तपासून पुढे सरकवलेल्या सगळ्या ओळी आम्ही पहिल्यापासून पुन्हा वाचल्या. ती माणसांची नावं होती, त्यांच्या गावांची नावं होती. उद्या एखादा नातू आजोबांच्या नावाची पावती शोधायला आला आणि एका उकारापायी ती मिळाली नाही, तर त्याला काय सांगायचं? दुरुस्ती मात्र एका आकड्याची निघाली. ओळीची उंची.

तेव्हापासून दुसऱ्यांची टूल्सही मी वेगळ्या नजरेने बघतो.

(दृश्य: गिटकेचा स्क्रीन.)

लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल, लिहायला घेतलं. त्याच वर्षी पॉल मॅकेरास यांचं गिटके आलं. कोडचा इतिहास चित्रात दाखवणारं हे टूल अजूनही गिटबरोबर येतं. नव्या मुलांना दाखवलं की पहिला शब्द निघतो, “जुनाट.” करड्या पट्ट्या, जाडीभरडी बटणं, हे खरंच आहे. पण तिथले ठिपके बघा. तुम्ही सध्या ज्या कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, उभे आहात, तो पिवळा. फाइलींत बदल केलेत पण स्टेज केले नाहीत, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी निवडले नाहीत, तर वर एक लाल ठिपका. स्टेज केले पण कमिट केले नाहीत, तर हिरवा. ब्रँचचं, म्हणजे कामाच्या वेगळ्या फाट्याचं, नाव हिरव्या चौकटीत. एकही रंग शोभेपुरता नाही. मी तरी या टूलला कुरूप म्हणणार नाही.

याच्या अगदी उलटी गोष्ट २०१२ ची. फेब्रुवारीच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्राम लिहायच्या टूलच्या नव्या आवृत्तीचा बीटा, म्हणजे चाचणीची प्रत, दिला. रूप एकदम शांत, एकसंध. त्यासाठी आयकॉनांचे रंग काढून ते करडे केले होते. दिवसभर तेच आयकॉन शोधणाऱ्या प्रोग्रामरांनी मोठ्या संख्येने तक्रारी केल्या. आधी डोळा रंगावरून थेट बटणावर जायचा, आता प्रत्येक आकृती वाचावी लागत होती. काही महिन्यांनी आलेल्या पुढच्या टप्प्यात बऱ्याच आयकॉनांना रंग परत मिळाले. पण त्याच टप्प्यात मेनूची नावं सगळी इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आली, आणि ती पूर्ववत करायला विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगांत, हात घालावा लागायचा. चित्र म्हणून तो स्क्रीन नेटका होता. कामाला बसलेल्या माणसाच्या खुणा मात्र त्यातून गेल्या होत्या.

अशा चुका करणारी माणसं बेपर्वा असतात, असं मी म्हणणार नाही. देखण्या गोष्टीपुढे आपला अंदाजच चुकतो. १९९५ मध्ये जपानमध्ये हिताचीच्या डिझाइन केंद्रातल्या कुरोसु आणि काशिमुरा यांनी एटीएमच्या स्क्रीनच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या २५२ लोकांना दाखवल्या. कोणती मांडणी वापरायला सोपी वाटते, हे लोकांनी सांगितलं. त्यांचं उत्तर मांडणीच्या खऱ्या सोपेपणापेक्षा तिच्या देखणेपणाशी जास्त जुळलं. एटीएमपुढे आपण दोन मिनिटं उभे राहतो. टूलपुढे आठ तास बसतो, आणि त्याची पारख मात्र पुष्कळदा पहिल्या दोन मिनिटांतच करून मोकळे होतो.

(दृश्य: खोलीत अंधार. फक्त लॅपटॉपचे स्क्रीन.)

लाइट गेली. पावसाळ्यात हे चालायचंच. अशा वेळी बॅटरी कोण जास्त खातं, हे कळतं. २०१५ मध्ये आलेला व्हीएस कोड हा एडिटर इलेक्ट्रॉन नावाच्या सांगाड्यावर उभा आहे, म्हणजे प्रत्येक एडिटरच्या पोटात एक अख्खा क्रोमियम ब्राउझर. मेमरी लागते, बॅटरी लागते. तरी पावत्यांच्या कामाला मी तोच उघडतो, कारण त्या ब्राउझरबरोबर हार्फबझ येतं, आणि जोडाक्षरं, रफार, वेलांट्या आपापल्या जागी बसवण्याचं काम ते करतं. टर्मिनल, म्हणजे नुसत्या अक्षरांत आज्ञा द्यायची खिडकी, हलकं असतं, वेगवान असतं. पण ते प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं, आणि ‘प्रतीक्षा’ अशा चौकोनांत मावत नाही. अनेक टर्मिनलांत मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे, कर्सर तिसरीकडेच. इंग्रजीत काम करणाऱ्याला जी सफाई वाटते, ती आमच्यासाठी टूल चालण्याची पहिली अट असते.

रूप बदलायलाच नको, असंही माझं म्हणणं नाही. नेटवर्कवरची पॅकेट्स तपासणाऱ्या वायरशार्कने २०१५ च्या २.० आवृत्तीत खिडक्या-बटणं काढणारी जीटीके ही लायब्ररी सोडून क्यूटी या दुसरीवर नवं रूप घेतलं. पण जुनं रूप लगेच फेकलं नाही. ते २०१९ च्या ३.० पर्यंत सोबत ठेवलं. ज्यांची बोटं जुन्या जागांना सरावली होती, त्यांना काही वर्षं मिळाली. याबद्दल मला त्या लोकांविषयी फार आदर वाटतो.

(दृश्य: लाइट आली. ती विद्यार्थिनी, आता आमची सहकारी, स्क्रीनपुढे.)

सध्या आमच्या टूलात दुरुस्त झालेलं अक्षर वेगळं दाखवायचं काम चाललंय. पहिल्यांदा तिने ते हिरवं केलं, चुकलेलं लाल. आमच्यातल्या तिसऱ्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्याला दोन्ही जवळपास एकच दिसले. मग तिने खाली रेघ मारली. रेघ नेमकी उकारावरून गेली.

“दादा, ही रेघ काढते,” ती म्हणाली.

आता अक्षरामागे फिकट पिवळा पट्टा आहे आणि भोवती बारीक चौकट. चौकट उकाराच्या खालून जाते. तेवढी जागा मिळावी म्हणून ओळ आणखी थोडी उंच केलीय. एका स्क्रीनवर आधीपेक्षा कमी पावत्या मावतात. एक्सेलमध्ये पाठवायचं फीचर यामुळे आठवडाभर पुढे गेलं. ते मीच मागे सारलं.

ती एंटर दाबते. पुढची ओळ येते.

“सुर्ला,” ती वाचते. “ऱ्हस्व.”