घाबरलेला राक्षस

नमस्कार, श्रोतेहो.

रेडिओवर चेहऱ्याविषयी बोलायचं म्हणजे अंधारात आरसा दाखवण्यातला प्रकार. पण चेहरा तुमचा तुमच्याजवळ आहे, तेव्हा निभावून नेऊ. हात पिठात नसतील, गाडीच्या हँडलवर नसतील, तर तर्जनी दोन भुवयांच्या मधोमध टेकवा. आता कुणावर तरी मनापासून रागवा. माणूस तुम्हीच निवडा. बोटाखाली काय झालं? कातडी गोळा झाली, भुवयांची आतली टोकं जवळ आली आणि खाली उतरली. ही एवढीशी गुठळी मला मातीत सापडायला दोन वर्षं लागली.

मी सावंतवाडीच्या खालच्या अंगाचा, गोव्याच्या हद्दीलगतचा. आमच्याकडे दिवाळी सुरू होते ती राक्षसापासून. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाडीवाडीवर नरकासुर उभा राहतो. बांबूचा सांगाडा, आत सुकं गवत आणि पेंढा, वर रद्दी, जुने कपडे. गोव्यात पणजी, म्हापसा, मडगावकडे तर दिवाळीच्या आधी बाजारात नुसते मुखवटे टांगलेले दिसतात. पोरांनी धड घरी करायचं आणि डोकं विकत आणायचं, अशी सोय. रात्रभर मिरवायचा आणि पहाटे जाळायचा. मग अभ्यंगस्नान, तुळशीपाशी डाव्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं, आणि चावदिशीचे पोहे. पोहे सगळ्यांना आठवतात. मुखवटा करणारा पोह्यांच्या वेळेला बहुधा झोपलेला असतो, कारण त्याला चार रात्री झोप नसते.

मी हे शिकलो ते गणपतीच्या शाळेत. आमच्याकडे जिथे गणपती करतात त्या जागेला शाळाच म्हणतात, आणि खरोखरीच्या शाळेपेक्षा मी तिथे जास्त हजर असायचो. शाळा ज्यांची, त्यांना सगळे मेस्त म्हणत. चतुर्थीच्या दिवशी सकाळी शेवटचा गणपती पाटावरून उठला की शाळा एकदम रिकामी व्हायची. नुसते पाट, रंगाच्या वाट्या आणि कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली उरलेली माती. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते आश्विन वद्य चतुर्दशी, तिथी मोजल्या तर पंचावन्न. त्या पंचावन्न दिवसांत मेस्तांची शाळा देवाकडून दैत्याकडे जायची. (२०२० साली आश्विन अधिक आला होता, तेव्हा एक महिना फुकटचा मिळाला. पण त्या वर्षी मिरवायलाच कोण होतं म्हणा.)

सतराव्या वर्षी मी पहिला मुखवटा मातीत उभा केला. दोन फूट उंच, दोन शिंगं, जीभ छातीपर्यंत, सुळे चार, आणि डोळे बशीएवढे. हे बशीएवढे डोळे माझा अभिमान होते. बुबुळाच्या भोवती सगळीकडून पांढरं दिसेल असे फाडफाडून उघडलेले. मेस्त आले, पान थुंकून आले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हो दुसऱ्याक काय भियवतलो? हो तर सोताच भियालो हा."

मला राग आला. आणि त्यांनी काय करावं? माझ्यापुढे फुटका आरसा धरला. म्हणाले, आता बघ स्वतःकडे.

आरशातल्या माझ्या डोळ्यांत वरचं पांढरं अजिबात दिसत नव्हतं. भुवया खाली उतरून पापणीवर बसल्या होत्या, डोळा अरुंद झाला होता. डोळे विस्फारतो तो घाबरलेला माणूस, किंवा दचकलेला. मी चार दिवस खपून, शिंगं-सुळे लावून, एक भेदरलेला राक्षस केला होता. कुणीतरी त्यालाच 'भो' केल्यासारखा.

"शिंगां काढ आदी," मेस्त म्हणाले.

शिंगं काढली. सुळे काढले. जीभ काढली. उरलं ते पाहून माझं मलाच हसू आलं. खाली चेहराच नव्हता. एक नारळ होता, त्याला नाक चिकटवलेलं. श्रोतेहो, नव्याने शिकणारा प्रत्येक जण इथेच अडकतो असं मी आता, इतकी वर्षं पोरांना शिकवल्यावर, पैजेवर सांगू शकतो. राक्षस म्हणजे काय, तर माणसाच्या चेहऱ्यावर लावलेल्या वस्तू, असा आपला समज असतो. त्यामुळे आधी वस्तू जमवल्या जातात.

मेस्तांनी मला दोन महिने नुसती कवटी करायला लावली. म्हणजे कवटीच्या खाणाखुणा: डोळ्याची खोबण, गालाचं हाड, जबड्याचा कोन. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात, हे मला तेव्हा कळलं. तुम्हीही मोजून बघा, टाळूपासून हनुवटीपर्यंत. शिकाऊ माणूस डोळे नेहमी वर नेऊन ठेवतो, कारण कपाळाच्या वरचं डोकं त्याला दिसतच नाही, केस दिसतात. माणसाचं माप हातात बसलं की मग मोडायचं. जबडा वाढवा, कपाळ मागे ढकला, गालाची हाडं बाहेर काढा. पण काय मोडतोय हे ठाऊक असल्याशिवाय मोडलं तर ते नुसतं चुकलेलं दिसतं, भयंकर दिसत नाही.

मग दात. दातांची माझी पहिली रांग बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांसारखी होती, एकसारखी. माणसाच्या वरच्या जबड्यात पुढे चार पटाशीचे दात आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन सुळे. कुत्रा गुरगुरतो तेव्हा काय करतो ते आठवा. तोंड उघडत नाही, वरचा ओठ सुळ्यापाशी उचलतो. ओठ उचलला की नाकपुडी वर जाते, नाकाच्या बाजूला सुरकुत्या पडतात, आणि गालाचा फुगा डोळ्याखाली चढतो. एक ओढ आली की सगळा चेहरा तिच्यामागे धावतो. सुळा मोठा केल्याने काही होत नाही. त्याच्यासाठी ओठ किती उचलला गेलाय, त्यावर सगळं आहे. शेजारच्या घरच्या कुत्र्याला मी त्या काळात फार त्रास दिला. त्याच्या धन्याने एकदा मलाही दिला.

दोन्ही बाजू सारख्या करायच्या नाहीत, हा आणखी एक धडा. गणपतीत हात सवयीने समतोल साधतो, सुताने मापतो. राक्षसाची एक नाकपुडी दुसरीपेक्षा वर हवी. मेस्तांचं स्वतःचं यात नेहमी अडायचं. आयुष्यभर गणपतीचं गंडस्थळ गुळगुळीत करत आलेला अंगठा, तो राक्षसाच्या गालावरही आपोआप प्रेमाने फिरायचा. त्यांचे नरकासुर जरा खात्यापित्या घरचे वाटत. हे मी त्यांना कधी बोललो नाही, आज रेडिओवर बोलतोय.

आता मातीचं. आमच्याकडे शेतातली चिकणमाती. वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजत घालायची, मग तुडवायची. गणपतीसाठी तिच्यात कापूस पिंजून घालतात, म्हणजे वाळताना तडे जात नाहीत. मुखवट्याला कापूस लागत नाही, कारण मुखवटा मातीचा नसतोच. माती हा त्याचा साचा. माती ओलीच ठेवायची, रात्री ओल्या फडक्यात गुंडाळायची, आणि तिच्यावर कागद चढवायचा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, खळ न लावता, म्हणजे तो मातीला धरत नाही. त्यावर मैद्याच्या खळीतले सहा-सात थर. खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर राक्षसाला जाळण्याआधी उंदीर खातात. पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया जिल्ह्यात चारिदा म्हणून गाव आहे, तिथे छाऊ नृत्याचे मुखवटे करतात. तिथले कारागीर मातीच्या साच्यावर आधी बारीक राख भुरभुरतात, मग कागद लावतात. युक्ती तीच, कागद सुटा यावा म्हणून. हे समजल्यावर मीही राख वापरून पाहिली. आमच्या चुलीत राखेला तोटा नव्हता आणि पहिला थर खरोखर सोलल्यासारखा सुटला. आपल्या जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या सोंगांच्या उत्सवातही, मुखवटे असतात, पण ते नाचणाऱ्याच्या तोंडावर. त्यांना वजन मारतं. नरकासुराचं डोकं बांबूवर बसतं, त्याची मान दुखत नाही, म्हणून आम्ही जरा चैन करतो.

कागदाने मला एक गोष्ट फार महागात शिकवली. दुसऱ्या वर्षी मी कपाळावर नऊ बारीक सुरकुत्या कोरल्या होत्या, तारेच्या कोरणीने, एकेक केसासारखी. सात थर चढले, वाळले, मुखवटा सोडवला, आणि कपाळ बाळाच्या कपाळासारखं! कागद खाचा भरून काढतो. सात थरांखाली बारीक रेघ मरते. मातीत सुरकुती बोट जाईल इतकी रुंद आणि खोल ओढायची, तेव्हा ती कागदावर सुरकुती म्हणून उरते. आणि सुळ्यांच्या मागे, नाकपुडीच्या आत, जिथे माती आत वळते, तिथे वाळलेला कागद अडकून बसतो आणि ओढला की फाटतो. तिथे माती बुजवून टाकायची, भोक नंतर कापायचं. शिंगं वेगळी करून शेवटी बांधायची.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट उंचीची. नरकासुर वीस फूट उभा असतो. बघणारा खालून बघतो. मी मुखवटा करायचो तो डोळ्यांसमोर, पाटावर ठेवून. वर चढवला की पुढे काढलेला जबडाच तेवढा दिसायचा, डोळे त्याच्यामागे गायब, आणि उरलेसुरले दिसले तर ते दूर भाताच्या मळ्याकडे बघत असायचे. राक्षस कुणाकडेच बघत नसेल तर त्याला कोण भिणार? तेव्हापासून मी माती माळ्यावर चढवून ठेवतो आणि खाली जमिनीवर बसून बघतो. बुबुळं खाली आणायची, भुवईचा कंगोरा पुढे काढायचा, सगळा चेहराच थोडा खाली झुकवायचा. मग खालच्या गर्दीतल्या प्रत्येकाला वाटतं की हा माझ्याकडेच बघतोय. उजेडही खालून येतो, हॅलोजनचा किंवा ट्रकच्या दिव्यांचा. सावल्या उलट्या पडतात. दिवसा जो मुखवटा बावळट दिसतो तो रात्री दोन वाजता पोरांना आईच्या पदराखाली पाठवतो. म्हणून बॅटरी खालून मारून पाहिल्याशिवाय मी माती कागदाला देत नाही.

हल्ली फायबरचे मुखवटे आलेत. हलके, पक्के, पावसाला दाद न देणारे. आमच्याकडे ऑक्टोबरात दुपारी वीज कडकडते आणि वळीव कोसळतो, तेव्हा कागदवाल्याचं काय होतं ते मला विचारा. त्यामुळे फायबरला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण त्यांचे चेहरे मला परके वाटतात. व्हिडिओ गेममधले, कातडी सोललेले, रक्त गळणारे. भीतीपेक्षा किळस येते त्यांची. शिवाय काही ठिकाणी फायबरचा मुखवटा पहाटे उतरवून ठेवतात, पुढच्या वर्षासाठी, आणि धड तेवढं जाळतात. मला हे पटत नाही. डोकं राखून ठेवलं तर नरकासुर मेला कुठे?

नरकासुर कोण होता, हे पोथीत ऐकलं असेल. प्राग्ज्योतिषपूरचा राजा, अदितीची कुंडलं पळवणारा, सोळा हजारांवर स्त्रिया कोंडून ठेवणारा. कृष्ण गरुडावरून गेला, सोबत सत्यभामा. भागवतात त्याचं नाव भौमासुर आहे. भौम म्हणजे भूमीचा मुलगा. तो मेल्यावर ती पळवलेली कुंडलं परत घेऊन कृष्णासमोर येते ती त्याची आई, पृथ्वी. मेस्तांना ही गोष्ट ठाऊक होती. एकदा माती मळता मळता ते सहज म्हणाले, "आवशीकच मळतंव आमी. तिचोच झील काढतंव." म्हणजे, आईलाच मळतो आम्ही, तिचाच मुलगा काढतो. मी तेव्हा विशेष लक्ष दिलं नाही. कागद कधी वाळणार या चिंतेत होतो.

तिसऱ्या वर्षीचा माझा मुखवटा मेस्तांनी बघितला आणि काहीच बोलले नाहीत. शिंगं लावलीच नव्हती मी. त्यांनी बोट उचललं आणि दोन भुवयांमधल्या गुठळीवर टेकवलं, मघाशी मी तुम्हाला सांगितलं तसंच, आणि पुढच्या कामाला निघून गेले. ती रात्र मी गर्दीत काढली. मुखवट्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि लोकांची तोंडं बघत राहिलो. पोरं आधी विस्फारलेल्या डोळ्यांनी वर बघायची. तेच डोळे, बशीएवढे, चहूकडून पांढरे. मी पहिल्या वर्षी केले होते अगदी तसे.

पहाटे जाळला. डोकं शेवटी पडतं, बांबू जळल्यावर.

उरलेली माती चावदिशीच्या दुपारी आवरायची. आमच्या शाळेत एक नियम होता: गणपतीची उरलेली माती राक्षसाला चालते, राक्षसाची माती गणपतीला नाही. मला वाटायचं, सोवळंओवळं असेल. एकदा विचारलं. मेस्त म्हणाले, तसं काही नाही रे, खळीचं पाणी मुरलेलं असतं तिच्यात, आठ दिवसांत आंबते, वास घेऊन बघ. मी घेतला. मग तो पिंप आम्ही दोघांनी उचलून मागच्या माडाच्या आळ्यात ओतला.