जाताना सरळ, येताना वाकडी

(दृश्य: साताऱ्याजवळचा वाढे फाटा. महामार्गावर ट्रक, एसटी, उसाचे ट्रॅक्टर. कडेला उंच केलेली डबल केबिन पिकअप.)

कोरेगाव तालुक्यातल्या एका आले बागायतदाराची ही गाडी. पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात माल उतरवायचा आणि दुपारी परत यायचं, हा तिचा रोजचा धंदा. सवड मिळाली की मालक तिला बामणोलीकडच्या खाचखळग्यांत घालतात, आणि त्याच हौसेपायी त्यांनी ती उचलून, म्हणजे जमिनीपासून उंच करून घेतली. पुढे कॉइल स्प्रिंगवर दोन इंची स्पेसर (उंची वाढवणारी चकती), मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) आणि माल पेलावा म्हणून दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक जादा पाटा. टायर २५५/६५ आर १७ होते, ते काढून २६५/७० आर १७ घातले.

दिसायला गाडी झकास झाली. चालण्याबद्दल मालक काय म्हणतात ऐका.

"पुण्याला जाताना काय सुदीक तक्रार न्हाय. येताना खंबाटकी चढून वर आलं की हातात ऱ्हात न्हाय. ऐंशीच्या पुढं नुसती वाहवती."

चाकांचं बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणंही झालं. एकाने टायरला बोल लावला, दुसऱ्याने वाऱ्याला. वाऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या काय शोभेला उभ्या केलेल्या नाहीत, आणि उंच झालेल्या गाडीला आडवा वारा जास्त जाणवतो हेही खरं. पण वारा रोज पुण्याहून येतानाच कसा लागेल?

(दृश्य: औद्योगिक वसाहतीतलं गॅरेज. मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारतात.)

मिस्त्री अजून पान्याला हात लावत नाहीत. आधी विचारतात, "जाताना मागं काय असतंय, दादा?"

"आल्याच्या गोण्या."

"आन् येताना?"

"येताना मोकळीच की."

मिस्त्री मान हलवतात आणि गाडी रस्त्यावर काढायला सांगतात.

वाढे फाट्यावरून लिंब खिंडीकडे. हौदा रिकामा. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरलं आणि वेग बदलल्यावर थांबलं, तर संशय बॅलन्सिंगवर, नाहीतर वाकड्या रिमवर. गाडी सतत एकाच अंगाला ओढत असेल तर दोन चाकांच्या कोनांत तफावत, किंवा टायरच तसा. इथे दोन्ही नाही. ही गाडी कधी डावीकडे जाते, कधी उजवीकडे, चालक तिला सावरत राहतो, आणि वळवून सोडलं तर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. या शेवटच्या गोष्टीवर मिस्त्री बोट ठेवतात. काट्यावर ऐंशी दिसतंय तेव्हा खरा वेग चौऱ्याऐंशीच्या आसपास आहे, कारण टायरची उंची ७६३ मिलिमीटरवरून ८०३ झाली आहे. तेवढं मालकांच्या ध्यानात नव्हतं.

गॅरेजला परतल्यावर तपासणी सुरू होते ती हवेपासून. टायर थंड असताना चारही चाकांची हवा मोजायची. मग टायरवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. हे टायर हाताला सारखे लागतात. म्हणजे अलाइनमेंटवाल्याने टो नीट बांधलाय, त्याला उगाच नावं ठेवायला नकोत.

(दृश्य: स्टिअरिंगवर पोऱ्या, गाडीखाली बॅटरी घेऊन मिस्त्री.)

पुढची तपासणी बरेच जण जॅकवर उरकतात. चाक अधांतरी धरून वर-खाली हलवलं की बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळतात, डावं-उजवं हलवलं की टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारे दांडे. बॉल जॉइंटसाठी जॅक लोअर आर्मखाली, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या बाहूखाली लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगच्या ताणाखाली जॉइंटची ढिलाई दिसतच नाही. पण मिस्त्रींचा जास्त भरवसा दुसऱ्या पद्धतीवर आहे. चाकं जमिनीवर, गाडीचं सगळं वजन त्यांच्यावर, पोऱ्या स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करतो आणि मिस्त्री खाली एकेका सांध्यावर बोट ठेवतात. डाव्या टाय रॉड एंडला बोट ठेवताच ठक् जाणवतं. गाडी उचलल्यापासून रॉड तिरके झालेत, त्यांच्या बॉल जॉइंटना कायम वाकड्या कोनात काम करावं लागतं.

मागे एक्सलला पाट्यांशी जखडणारे यू बोल्ट ढिले आहेत. पाटे खोलून बसवले की काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावे लागतात. कुणी आवळले नव्हते. यू बोल्ट ढिले राहिले तर मागचा एक्सल पाट्यांवर किंचित सरकू शकतो, आणि मग मागूनही गाडी वळवली जाते. टेप लावून पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. सारखं भरलं. वेळीच सापडलं म्हणायचं.

टाय रॉड एंड बदलला, बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. अलाइनमेंट त्यानंतरच, कारण सांध्यात खेळ असताना मोजलेल्या कोनांना अर्थ नसतो.

(दृश्य: अलाइनमेंट मशीनचा छापील कागद.)

या कागदावर टो हिरवा आहे. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल, जेमतेम. कॅस्टर दोन्ही बाजूंना लाल, म्हणजे मापाबाहेर. हाच कागद मालकांना आधीही मिळाला होता, आणि "या गाडीला कॅस्टर होत नाही" असं सांगून घडी करून हातात दिला होता.

कॅस्टर समजायला सायकलचा पुढचा चिमटा बघा. तो उभा सरळ नसतो, वरून मागे कललेला असतो, म्हणून चाक आपणहून रेषेत येतं आणि पोरं हात सोडून सायकल चालवतात. मोटारीतही पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं तो वरच्या बाजूने मागे कललेला असतो. तो कल कमी झाला की स्टिअरिंग हलकं पडतं, आणि वेगात चाकाला सरळ राहायचं भान उरत नाही.

स्पेसरमुळे आर्मचे कोन बदलले आणि कॅस्टर थोडा गेला. उरलेला मागून गेला. गाडी पुढून पन्नास मिलिमीटर उचलली, पण मागे लांब शॅकल आणि जादा पाटा मिळून उंची शंभराच्या घरात गेली. पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे तीन मीटर अंतर असलेल्या गाडीचं शेपूट पुढच्यापेक्षा पन्नास मिलिमीटर जास्त वर गेलं, तर अख्खी चासी जवळपास एक अंश पुढे झुकते, आणि कॅस्टर तितकाच कमी होतो. मुळात हा हिशेबच दोन-चार अंशांचा.

गोण्या भरल्या की शेपूट खाली बसायचं आणि हरवलेला अंश परत यायचा. मार्केट यार्डात माल उतरला की तो पुन्हा जायचा. मालकांना वाटत होतं, वजनाने गाडी रस्त्याला दाबून बसते.

जादा पाटा काढला. वरचा बॉल जॉइंट मागे घेणारे अप्पर आर्म बसवले, मग चारही चाकांचं अलाइनमेंट. रिकाम्या गाडीने लिंब खिंडीपर्यंत जाऊन आल्यावर मालक म्हणाले, स्टिअरिंग जड लागतंय. ते तसंच लागायला हवं.

पाटा काढल्याने गोण्या थोड्या कमी भराव्या लागणार, त्यावर मालकांची कुरकुर झाली. कायद्याचा विषयही निघाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीची मूळ रचना बदलता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच काढेल. स्पेसर काढायचा की ठेवायचा, यावर गॅरेजच्या दारात बराच वेळ बोलणं चाललं आणि ते अर्धवटच राहिलं.

बिलाच्या मागे मिस्त्रींनी लिहून दिलंय: पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट आवळायला येणे, गाडी रिकामी आणणे.