खडू, टेप आणि दीड हजार पाणलोट

(कठड्यावरची तांबडी खूण, जवळून)

विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजायला टेप दरवेळी याच खुणेवरून सोडायची. टोकाला वजन, शेवटच्या मीटरभर भागाला खडू चोळलेला. टेप पाण्यात थोडी बुडू द्यायची, खुणेवर बरोबर 12 मीटरचा आकडा धरायचा, मग वर ओढायची. खडू 35 सेंटिमीटर भिजलाय; म्हणजे खुणेपासून पाणी 11.65 मीटरवर. यातून कठड्याचे 75 सेंटिमीटर वजा. जमिनीपासून 10.90.

(उपसा चालू असलेली विहीर)

इथं मोजून उपयोग नाही. काळ्या कातळात उपसलेली विहीर सावकाश भरते. मोटार बंद केल्या केल्या टेप सोडली तर खडकातली नाही, उपशाची पातळी हाती लागते. म्हणून निरीक्षणासाठी कमी वापरातली विहीर निवडायची.

(जुने नकाशे)

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तोवर बहुतेक गावांत विहिरीची जागा पाणाड्या दाखवायचा. भूवैज्ञानिकांनी राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडले; पाणलोट म्हणजे ज्याचं पाणी एकाच प्रवाहाला मिळतं तो भाग. प्रत्येकाचे तीन भाग: पाणी वाहून जातं तो, मुरतं तो आणि साठतं तो. निरीक्षण विहिरी ठरल्या. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशा वर्षातून चार नोंदी.

(विहिरीची आतली भिंत)

वर मुरूम, मग मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा कातळ), त्याखाली तांबडा थर, खाली पुन्हा कातळ. पाणी यातल्या कुठल्या थराचं, हे आधी बघावं लागतं. शेजारच्या दोन विहिरींचं पाणी वेगवेगळ्या थरांतून येत असेल आणि त्यांच्या पातळ्या एकाच समपातळी रेषेत (पाण्याची सारखी पातळी जोडणाऱ्या रेषेत) ओवल्या, तर प्रत्यक्षात नसलेला उतार नकाशावर दिसू लागतो. इथला नकाशा बहुधा याच जागी फसतो.

मे ते ऑक्टोबर पाणी किती चढलं, त्यावरून पुनर्भरण, म्हणजे जमिनीत किती पाणी मुरलं ते, काढतात. झिजलेल्या बेसॉल्टचं (काळ्या कातळाचं) विशिष्ट उत्पादन, म्हणजे खडकाच्या आकारमानापैकी निचरून मिळणारं पाणी, 2 टक्के धरलं, तर मीटरभर चढ म्हणजे फक्त 2 सेंटिमीटर पाणी. मीटरभर चढलं म्हणून लगेच ऊस लावणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

(टँकरभोवती घागरी)

भूजलाचा पहिला अंदाज 1973 मध्ये निघाला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत विहीर खोदण्यावर निर्बंध घालणारा कायदा यायला 1993 उजाडलं.