छोटी लाईन : पाताळपाणी ते कालाकुंड

(दृश्य : पावसानंतरचं पाताळपाणी स्टेशन. ओले रूळ, लांबून येणारं इंजिन.)

इंदूरजवळच्या पाताळपाणीत पाऊस आत्ताच उघडलाय. खडीतून अजून पाणी निथळतंय. हे दोन रूळ बघा, मधलं अंतर बरोबर एक मीटर. एका ढांगेत ओलांडता येईल अशी ही लाईन. मोठ्या लाईनचं हेच अंतर 1676 मिलिमीटर असतं. म्हणून इंदुरात, आमच्या मराठी घरांतसुद्धा, हिचं नाव एकच : छोटी लाईन.

(दृश्य : हातातला फिरकीचा तांब्या.)

हा तांब्या माझ्या आजीचा. आजी अकोल्याची, लग्न होऊन इंदूरला आली ती याच लाईनवरून. भाऊबीजेला माहेरी निघाली की खंडव्याच्या फलाटावर हा भरून घ्यायचा, हे ठरलेलं. फिरकीचे आटे आता झिजलेत, पण झाकण अजून घट्ट बसतं.

त्या काळी मीटरगेजवर, म्हणजे या एक मीटरच्या लाईनवर, बसलं की केवढा देश खिडकीतून सरकायचा! मीनाक्षी एक्स्प्रेस जयपूरहून निघायची. अजमेर, चितोड, रतलाम, इंदूर, महू, खंडवा, अकोला करत थेट परभणीजवळच्या पूर्णेला. अरवलीचे डोंगर, माळव्याची काळी माती, नर्मदा, मेळघाटचं सागवान आणि मग गोदावरीचं खोरं. गाडी हळू चालायची, म्हणून ते सगळं नीट दिसायचं.

(दृश्य : जुने नकाशे, मग दगडी पुलाच्या कमानी.)

ही लाईन इथे आली कशी, ते सांगायलाच हवं. 1870 साली मुंबईहून जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंत रेल्वे जोडली गेली. ती खंडव्यावरून गेली, इंदूर बाजूलाच राहिलं. माळव्याचा कापूस आणि अफू बैलगाड्यांवर लादून घाट उतरवावी लागे. महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी त्याच वर्षी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं : साडेचार टक्के व्याज, मुदत 101 वर्षं. एका मराठी संस्थानिकानं इंग्रजांना रेल्वेसाठी पैसे उसने दिले, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. लाईनचं नावच होळकर स्टेट रेल्वे पडलं. मीटरगेज निवडलं कारण ते स्वस्त. लहान इंजिन, हलके रूळ, अरुंद बोगदे, कमी फोडाफोड.

1876 मध्ये नर्मदेवर पूल उभा राहिला. सगळ्यात अवघड होता तो विंध्याचा हा घाट.

(दृश्य : इंजिनाच्या केबिनमधून खाली उतरणारा रूळ.)

आता नीट बघा. उतार चाळीसाला एक, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट उतरलं. मुंबई-पुण्याचा बोरघाट सदतिसाला एक आहे, म्हणजे हा त्याचा सख्खा भाऊच. म्हणून घाट उतरण्याआधी गाडी पाताळपाणीला थांबवून ब्रेक तपासायचे, हा नियम.

गावकरी मात्र या थांब्याचं कारण वेगळं सांगतात. इंग्रजांविरुद्ध लढलेला तंट्या भिल्ल, इथल्या लोकांचा तंट्यामामा, याला इंग्रजांनी 1889 साली जबलपूरला फाशी दिली. रुळांच्या कडेला त्याचं देऊळ आहे, आणि गाडी मामाला सलाम केल्याशिवाय पुढे जात नाही, असं इथे सगळे मानतात. नियम रेल्वेचा आणि मान मामाचा. मला दोन्ही खरे वाटतात.

(दृश्य : धबधबा. आवाज तसाच ठेवावा, निवेदन नाही.)

(दृश्य : बोगदा. अंधार, मग हिरवा उजेड.)

असे चार बोगदे. आतले दगड घणानं आणि सुरुंगानं फोडलेले आहेत. खिडकीतून हात काढू नका, भिंत खरंच हातभर अंतरावर आहे. दहा किलोमीटरही नसलेल्या या वाटेला, थांबत थांबत, जवळपास दोन तास लागतात.

कालाकुंडला उतरलं की कलाकंद. पळसाच्या पानावर, दाणेदार, कडेनं तांबूस झालेला. पान किंचित ओलं असतं, त्याचा वास दुधात उतरतो.

(दृश्य : रिकामा फलाट, गवतात गेलेले रूळ.)

रुंदीकरणासाठी, म्हणजे छोटीची मोठी लाईन करण्यासाठी, 2023 मध्ये महू ते ओंकारेश्वर रोड ही छोटी लाईन बंद झाली. घाटातल्या गावांची रोजची पॅसेंजरही गेली. 2018 च्या नाताळात सुरू झालेली ही हेरिटेज गाडी तेवढी उरली.

(दृश्य : परतीचा प्रवास. गाडीच्या मागे जोडलेलं दुसरं इंजिन.)

परतताना चढ आहे. एका इंजिनाला ओढवत नाही, म्हणून मागून दुसरं लावतात. रेल्वेवाले त्याला बँकर म्हणतात. पुढचं शिटी देतं, मागचं उत्तर देतं, आणि मग दोघं मिळून जोर लावतात. शेवटच्या डब्यात बसलात तर तो धक्का पाठीला जाणवतो.

पाताळपाणी आलं. गार्डनं हिरवा बावटा गुंडाळला. खलाशी खाली उतरून बँकरची कपलिंग सोडवतोय.