फितीपासून फाईलपर्यंत : नाशिकच्या रेडिओचा आवाज

(दृश्य : गोदाघाट, पावसाळी सकाळ. कॅमेरा दुतोंड्या मारुतीवर स्थिर.)

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर विचारतात, किती क्युसेक? पण बघतात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. घाटावरच्या दुकानदाराला माल कधी हलवायचा हे ह्यावरून कळतं. मुंबईहून येणाऱ्या बातमीपत्रात याचं एक वाक्य होतं, ‘गोदावरीच्या पातळीत वाढ’. मारुतीच्या कमरेला पाणी लागलंय हे सांगणारा रेडिओ गावातच असावा लागतो.

(दृश्य : जुना रेडिओ. मिडियम वेव्हच्या पट्टीवर काटा सरकतो.)

फार वर्षं तो गावात नव्हता. नाशिककर ऐकायचे ते मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्‌झवर, पुणे ७९२ वर आणि जळगाव ९६३ वर. या मिडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत येतात, रात्री वरच्या वातावरणातून परतूनही येतात. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की आवाज फुगतो, बसतो, पुन्हा फुगतो. रात्रीच्या गाण्यांची ती लाट अनेकांच्या कानात आजही असेल.

१९८४ मध्ये तामिळनाडूत नागरकोईलला आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र सुरू झालं. राष्ट्रीय आणि प्रादेशिक यांच्याखालचा हा तिसरा थर होता : एका जिल्ह्यापुरतं, त्याच जिल्ह्याच्या बोलीत बोलणारं केंद्र. नाशिकचं आकाशवाणी केंद्र याच घरातलं, एफएम १०१.४ मेगाहर्ट्‌झ.

(दृश्य : एफएम मनोरा, मागे डोंगररांग.)

एफएमचा आवाज स्वच्छ, पण त्याला डोंगर ओलांडता येत नाही. मनोरा १०० मीटरचा आणि ट्रान्झिस्टर हातात धरलेला असेल, तर मोकळ्या सपाट जमिनीवर पल्ला साधारण ४६ किलोमीटर. छपरावर दहा मीटर उंच एरियल लावला तर ५४. मात्र हा हिशेब सपाटीचा आहे. निफाड, पिंपळगाव बसवंतकडे जमीन मोकळी आहे. पेठ, सुरगाण्याकडे सह्याद्रीच्या रांगा आडव्या येतात आणि त्यांच्या मागे आवाजाची सावली पडते. मुंबईच्या वाटेवर कसारा घाट उतरताना वळणावळणाला खरखर होते, तीही यामुळेच. ट्रान्झिस्टरचा एरियल ७४ सेंटिमीटरपर्यंत ओढून ठेवावा. १०१.४ ची लहर जवळपास तीन मीटर लांब असते आणि तिचा चौथा हिस्सा एवढाच भरतो.

अशा स्थानिक केंद्रांवर ट्रान्समीटरची ठरलेली मांडणी म्हणजे तीन-तीन किलोवॅटचे दोन संच जोडून सहा किलोवॅट. एक संच बंद पडला तर उरतात तीन, असं वाटेल. पण जोडणाऱ्या कंबायनरमध्ये उरलेल्या संचाची निम्मी ताकद डमी लोडमध्ये, म्हणजे ताकद जिरवणाऱ्या रोधकात, उष्णता होऊन जाते आणि एरियलपर्यंत दीडच किलोवॅट पोचते. ड्युटीवरच्या इंजिनिअरने कंबायनर वगळून चालू संच सरळ एरियलला जोडला की तीन किलोवॅट मिळतात. श्रोत्याला एवढंच कळतं, ‘आज जरा खरखरतंय.’

(दृश्य : टर्नटेबल. ७८ ची तबकडी फिरते.)

आता आवाज कशावर ठेवला जायचा ते पाहू. आधी तबकड्या. दहा इंची ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आत संपते. तिची खाच रुंद, म्हणून सुईचं टोक जाड लागतं. एलपीची, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, बारीक सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी बसते आणि गाण्यापेक्षा धूळच जास्त वाजते. एलपी क्यू करताना, म्हणजे गाणं ऐन वेळी सुरू व्हावं म्हणून तयार ठेवताना, पहिला सूर सापडला की तबकडी हाताने अर्धा फेरा मागे घ्यायची. निवेदकाचं वाक्य संपलं, तबकडी सोडली, की नऊ दशांश सेकंदात ती गती पकडून सुरावर येते. मागे घ्यायला विसरलं तर गाणं पेंगुळल्यासारखं सुरू होतं.

(दृश्य : स्पूल रेकॉर्डर. जवळून : पिवळी पेन्सिल, ब्लेड, स्प्लायसिंग ब्लॉक.)

मग फीत. स्थानिक रेडिओ खरा घडला तो हिच्यामुळे.

पाव इंच रुंदीची तपकिरी फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने सरकते. सात इंची स्पूलवर, म्हणजे फितीच्या चकतीवर, १२०० फूट बसते, म्हणजे ३२ मिनिटं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि दोन टोकांना रंगीत लीडर (आवाज नसलेली पट्टी), असा हिशेब अगदी जुळतो. वावरात उभ्या शेतकऱ्याची मुलाखत खांद्यावरच्या ‘उहेर’ रेकॉर्डरवर व्हायची. त्यात पाच इंची स्पूल आणि बॅटरी. केंद्रावर आलं की संपादन.

संपादन म्हणजे अक्षरशः कापाकापी. स्पूल दोन्ही हातांनी पुढे-मागे फिरवायचे आणि शब्दाची सुरुवात कानाने शोधायची. फितीवरचा आवाज वाचणाऱ्या प्लेबॅक हेडच्या बरोबर समोर, फितीच्या पाठीवर पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची. शब्द संपतो तिथे दुसरी खूण. फीत ब्लॉकच्या खाचेत बसवून ४५ अंशांच्या फटीतून ब्लेड फिरवायचं. तिरपाच काप का? सरळ कापलं तर एक आवाज एकदम तुटून दुसरा सुरू होतो आणि ‘टक’ ऐकू येतं. तिरप्या कापात एक मावळता मावळता दुसरा उगवतो. अर्ध्या सेकंदाचा ‘अंऽ’ म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर फीत. ती टेबलाखालच्या टोपलीत.

दोन टोकं भिडवून चिकटपट्टी लावायची ती चकचकीत पाठीवर. मंद दिसणारी बाजू ऑक्साइडची, म्हणजे चुंबकीय लेपाची, आवाज तिच्यात असतो. पट्टी फितीपेक्षा किंचित अरुंद असते, नाहीतर डिंक कडेने बाहेर येऊन शेजारच्या वेढ्याला धरतो. ब्लेडला चुंबकत्व आलं असेल तर प्रत्येक जोडावर टिचकी उमटते, म्हणून ब्लेडही डिमॅग्नेटाइज करावं लागतं. आणि श्वास कापायचा नाही. दोन वाक्यांमधला श्वास काढला तर माणूस बोलत नाही, वाचतोय असं वाटतं. ‘आवंदा कांद्यानं रडवलं’ असं लासलगावचा शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याआधीचा दमही ठेवावाच लागतो. चांगला संपादक ओळखायचा तो टोपलीत काय टाकलं यापेक्षा काय टाकलं नाही यावरून.

या फितीचं एक दुखणं होतं, तिची किंमत. नवीन स्पूल हवा तेव्हा मिळत नसे. कार्यक्रम प्रसारित झाला की फीत बल्क इरेजरवर फिरवून कोरी करायची, हा रेडिओच्या जगातला सर्रास रिवाज. विद्युतचुंबकाच्या त्या पेटीवर काही सेकंद, की अर्धा तास पुसला. मोठे गवई, मोठे लेखक यांच्या फिती राखून ठेवल्या जात. बागलाणच्या बाईची अहिराणी ओवी, सुरगाण्याचं कोकणी बोलीतलं गाणं यांवर ‘राखून ठेवा’ असा शेरा क्वचितच पडे. स्थानिक रेडिओची सगळ्यात मोठी हानी ही आहे. मोठ्यांचा आवाज आणखी कुठे तरी मिळतो. ही ओवी दुसरीकडे नव्हतीच.

(दृश्य : कॅसेट, सीडी. झरझर.)

कॅसेट आली आणि बाहेरचं ध्वनिमुद्रण हलकं झालं. पण तिची गती फितीच्या चौथाई, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, आणि ब्लेडने कापणं जवळपास अशक्य. त्यामुळे आधी स्पूलवर डबिंग, म्हणजे नक्कल उतरवणं, आणि प्रत्येक डबिंगला खरखर वाढलेली. मग ७४ मिनिटांची सीडी आली. घरी लिहिलेल्या सीडी उन्हात, दमट कपाटात टिकत नाहीत. काही तर फितीच्याही आधी गेल्या.

(दृश्य : संगणकाचा पडदा, आवाजाची लहर.)

संगणकाने कानाचं काम डोळ्याकडे दिलं. पडद्यावर लहर दिसते, शांतता दिसते, आणि दिसणारी शांतता कापायचा मोह होतो. फितीवर राहिलेला श्वास इथे सहज जातो. फोनवरचे आवाजही वाढले. साधी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढंच पोचवते, म्हणून तिच्यावर ‘स’ची धार जाते. बोलीभाषेच्या कार्यक्रमात हे नुकसान लहान नाही.

कार्यक्रमाचा साचाही बदलला. आकाशवाणीचा दिवस फिक्स्ड पॉइंट चार्टवर चालतो : या वेळेला शेती, या वेळेला बातम्या, या वेळेला फर्माईश. खासगी एफएमचं दुसरं धोरण २००५ मध्ये आलं. नाशिकला ९८.३ वर मिर्ची आणि ९३.५ वर रेड एफएम वाजू लागले. त्यांचा दिवस तासाच्या घड्याळावर चालतो : गाणं, लिंक (निवेदकाचं बोलणं), जिंगल, जाहिरात, पुन्हा गाणं. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. पुराची बातमी बातमी म्हणून द्यायची तर ती आजही आकाशवाणीचीच.

तिसरा साचा कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे संस्थेने आपल्या परिसरापुरत्या चालवलेल्या केंद्राचा. २००६ च्या धोरणाने तो स्वयंसेवी संस्थांना खुला झाला. ताकद १०० वॅट, एरियल जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर, निम्मे कार्यक्रम स्थानिक. नाशिकचं रेडिओ विश्वास ९०.८ वर आहे. शाळा बंद असताना जून २०२० मध्ये तिथे ‘शिक्षण सर्वांसाठी’ सुरू झालं : शिक्षकांनी स्टुडिओत येऊन धडे ध्वनिमुद्रित केले आणि तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी विषयवार वेळा ठरल्या. घरात स्मार्टफोन नसलेल्या मुलाला धडा साध्या रेडिओवर ऐकता आला. आठव्या राष्ट्रीय कम्युनिटी रेडिओ पुरस्कारांत या केंद्राला दोन पारितोषिकं मिळाली.

(दृश्य : जुना स्पूल डब्यातून बाहेर येतो.)

उरलेल्या फितींचं काय करायचं? पहिलं काम वास घेणं. व्हिनेगरसारखा वास आला तर फीत अॅसिटेटची. उजेडाला धरली की आरपार दिसते. ती कधीही तापवायची नाही. पॉलिस्टरची फीत चालवताना चिरचिर आवाज आला, हेडवर तपकिरी चिकटा बसला, तर तिचा बाइंडर, म्हणजे लेप धरून ठेवणारा चिकट थर, हवेतला ओलावा पिऊन सुटलाय. मशीन तिथेच थांबवावं. अशी फीत पन्नास-पंचावन्न अंशांवर, नियंत्रित ओव्हनमध्ये आठ तास किंवा जास्त ठेवतात. मग काही दिवस ती वाजते, तेवढ्यात उतरवून घ्यायची. घरच्या ओव्हनमध्ये हे करू नये. तापमान दहा अंशांनी चढलं तरी फीत गेली.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. कान देऊन अॅझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन, जुळवायचा, ‘स’ चा उच्चार सर्वांत टोकदार ऐकू येईल तिथे थांबायचं. ध्वनिमुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, वेव्ह फाईलमध्ये. अर्धा तास मोनो म्हणजे साधारण २६० एमबी. तीन प्रती, दोन वेगळ्या जागी. एमपी३ फक्त ऐकवण्यासाठी. परत गुंडाळताना शेवटचं टोक बाहेर ठेवायचं. फितीचा एक वेढा दुसऱ्यावर पुसट उमटतोच. टोक असं ठेवलं की तो ठसा शब्दाच्या मागून येतो आणि शब्दाखाली झाकला जातो, आधी ऐकू येत नाही.

आणि फाईलला नाव देण्याआधी डब्याचा फोटो काढायचा, आतल्या क्यू शीटसकट, म्हणजे कार्यक्रमाची माहिती लिहिलेल्या कागदासकट. शाईने लिहिलेलं गाव, तारीख, बोलणाऱ्याचं नाव, पहिले शब्द, शेवटचे शब्द.

(दृश्य : क्यू शीटवर बोट सरकतं. स्पूल फिरू लागतो. आधी खरखर, मग कोणी तरी घसा साफ करतं.)