मधेच रिस्टार्ट होणारा कॉम्प्युटर

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झालेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. सेक्रेटरीसाहेबांनी विषय फार सभ्य दिलाय, "घरगुती संगणकाची निगा", पण खाली गेटपासून इथपर्यंत येईस्तोवर ज्यांनी ज्यांनी मला थांबवलं त्या सगळ्यांचं म्हणणं एकच, आमचा पीसी काम करता करता मधेच जातो आणि परत स्वतःच चालू होतो. तर निगा राहू दे बाजूला, आज एवढ्यावरच बोलू.

पहिली गोष्ट, फॉरमॅट मारू नका. आपल्याकडे पीसी दोनदा रिस्टार्ट झाला की घरातला कोणीतरी भाचा नाहीतर ऑफिसमधला मित्र लगेच म्हणतो व्हायरस असणार, फॉरमॅट मार, आणि मग सगळे फोटो, टॅलीचा डेटा, मुलीचे प्रोजेक्ट इकडून तिकडे कॉपी करण्यात रविवार जातो, नवीन विंडोज पडतं, आणि सोमवारी संध्याकाळी पीसी परत रिस्टार्ट. कारण फॉरमॅटने एसएमपीएस, म्हणजे पीसीला आतून वीज पुरवणारा डबा, दुरुस्त होत नाही आणि रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, तीही बदलत नाही. कॉपी मात्र आधी काढाच, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कारण लिहिता लिहिता पॉवर गेली की फाइली खराब होतात, मग त्याचं कारण काहीही असो.

आता मुद्द्याचं. मी कोणाकडेही गेलो की आधी एकच गोष्ट शोधतो, की मशिन बंद पडलं तेव्हा त्याला स्वतःला ते माहीत होतं का. विंडोजने ठरवून रिस्टार्ट केलं असेल तर ते तशी नोंद करून जातं. पण खालून करंटच गेला, तर बिचाऱ्याला काही कळतच नाही, पुढच्या वेळी चालू झाल्यावर ते फक्त एवढंच लिहितं की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो. निम्मं निदान इथेच होतं, आणि यासाठी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

बघायचं कुठे, तर स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर टाइप करा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. घाबरू नका, तिथे लाल पिवळ्या खुणांचा पाऊस असतो, चांगल्या चालणाऱ्या मशिनमध्येही असतो. (याच यादीवर एक फसवणुकीचा धंदा चालतो बरं का, फोन येतो, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एरर दिसतायत, उघडून बघा, आणि माणूस बघतो तर खरंच लाल खुणा. असा फोन आला तर ठेवून द्या.) आपल्याला तिथले चारच नंबर हवेत. १०७४ म्हणजे कोणीतरी सांगून रिस्टार्ट करवलं, तुम्ही स्वतः, नाहीतर विंडोज अपडेट, आणि कोणी करवलं तेही तिथे लिहिलेलं असतं. ६००८ म्हणजे मागचं शटडाऊन अचानक झालं, वेळेसकट. १००१, बगचेक, म्हणजे विंडोज कोसळल्यावर येते ती निळी स्क्रीन येऊन गेली. आणि चौथा आपला ४१, कर्नल पॉवर, त्यावर क्रिटिकल लिहिलेलं असतं आणि लोक त्यालाच घाबरतात, पण ४१ हे कारण नाहीये, तो नुसता पंचनामा आहे.

त्या ४१ वर क्लिक करा आणि डिटेल्सच्या टॅबमध्ये जा, तिथे बगचेक कोड नावाची ओळ आहे. तिच्यापुढे शून्य असेल तर बहुतेक वेळा मशिनला काही कळायच्या आतच ते गेलं, म्हणजे करंट, उष्णता, किंवा हार्डवेअरचा अगदी वाईट झटका. शून्य नसून दुसरा काही आकडा असेल तर निळी स्क्रीन होती. हा आकडा साध्या दशमान पद्धतीत असतो आणि नेटवर सगळीकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, लिहिलेला असतो, म्हणून लोकांना सापडत नाही. तिथे २९२ दिसला तर तो नेटवरचा एकशे चोवीस, म्हणजे हार्डवेअरनेच एरर कळवली. २६ दिसला तर तो १ए, मेमरी मॅनेजमेंट, आधी रॅमकडे बघा.

आता तुम्ही म्हणाल निळी स्क्रीन तर आम्ही कधी बघितलीच नाही. बघणार कशी, विंडोजमध्ये क्रॅश झाल्यावर आपोआप रिस्टार्ट व्हायचं सेटिंग मुळातच चालू असतं, स्क्रीन येते आणि तुम्ही चहा घेऊन येईपर्यंत गेलेली असते. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढून टाका, मग ती थांबून राहील आणि मोबाइलवर फोटो काढता येईल. विंडोज अकरावर आता ती स्क्रीन काळी केलीय, २०२५ मध्ये, म्हणजे तिला निळी म्हणायचीही सोय राहिली नाही.

मशिनला माहीत असून रिस्टार्ट होणं म्हणजे काय याचा सगळ्यात गाजलेला नमुना २००३ च्या ऑगस्टमधला, ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवरून स्वतःच पसरणारा व्हायरस. तेव्हा ज्यांच्याकडे विंडोज एक्सपी होतं त्यांना आठवत असेल, स्क्रीनवर खिडकी यायची, साठ सेकंदांत सिस्टिम बंद होणार, आणि उलटी मोजणी सुरू. नेट लावलं की परत तेच, आणि पॅच डाउनलोड करायला नेट तर लावावंच लागायचं. तेव्हाही लोक हार्डवेअर बदलत बसले होते, आणि विंडोजमधलं ते भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच काढून ठेवला होता. आज तशी उलटी मोजणी करणारा व्हायरस घरगुती पीसीवर मला दिसत नाही, आजचे व्हायरस गपचूप पैसे नेतात, तुमचा पीसी रिस्टार्ट करून त्यांना काय मिळणार. १०७४ दिसला तर बहुतेक अपडेट असतं, सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्ह अवर्स लावून टाका, अठरा तासांपर्यंत लावता येतात, विषय संपला.

खरी गंमत शून्यवाल्यांची. आणि आपल्या ठाणे नवी मुंबईत त्यांचीच संख्या जास्त, हा माझा अनुभव.

भिंतीतून २३० व्होल्ट एसी येतो, एसएमपीएस त्याचे बारा, पाच आणि ३.३ व्होल्ट डीसी करतो आणि सोबत मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, एक सिग्नल देत राहतो, पॉवर गुड, की सगळं ठीक आहे, चालू दे. तो सिग्नल क्षणभर जरी पडला तरी बोर्ड स्वतःला रिसेट करतो, आणि लगेच परत आला तर पीसी परत चालू. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रिस्टार्ट झाला. आता लाइट क्षणभर डुलकी खाते तेव्हा हा एसएमपीएस आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या करंटवर वेळ निभावतो, चांगल्या एसएमपीएसला पूर्ण लोडवर साधारण सोळा मिलिसेकंद निभावता आलं पाहिजे. आपल्या विजेची एक सायकल वीस मिलिसेकंदांची, म्हणजे एका सायकलचीही पूर्ण सवलत नाही. आणि कपॅसिटर जुना झाला की ही सवलत आणखी कमी होते.

नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक गृहस्थ घरूनच अकाउंट्सची कामं करायचे, त्यांचा पीसी रोज संध्याकाळी सातच्या आसपास रिस्टार्ट व्हायचा, दिवसभर काही नाही. दोनदा फॉरमॅट करून झालेला, रॅम बदललेली, कोणीतरी हार्ड डिस्क बदला म्हणून सांगून गेलेलं. मी त्यांना म्हटलं आज आपण नुसतं बसू. सात वाजले, वॉचमनने पाण्याचा पंप चालू केला, ट्यूबलाइट एकदा मिचकावली, आणि टेबलाखालच्या यूपीएसमधून, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर पीसी चालवणाऱ्या डब्यातून, टक असा आवाज आला, पीसी गेला. तो टक म्हणजे यूपीएसचा रिले, मेनवरून बॅटरीवर जाताना होतो. मोटर सुरू होताना क्षणभर खूप करंट ओढते, व्होल्टेज पडतं, यूपीएस शहाणपणाने बॅटरीवर जातो, आणि बॅटरी तर केव्हाच मेलेली! म्हणजे त्या घरात यूपीएस नसता तर कदाचित पीसीने ती डुलकी खपवून घेतली असती, वाचवायला ठेवलेल्या वस्तूनेच घालवला. सातशे की आठशे रुपयांची बॅटरी, बारा व्होल्ट सात एएचची, ती बदलली आणि संध्याकाळचं नाटक बंद झालं.

म्हणून घरी गेल्यावर एक करा, यूपीएसमधून पीसी काढा, त्याजागी टेबललॅम्प लावा साधा, चालू ठेवा आणि यूपीएसची पिन भिंतीतून ओढा. दिवा चालू राहिला तर उत्तम, लगेच गेला तर बॅटरी संपली. ही बॅटरी साधारण दोन ते चार वर्षं जगते, आणि लोक दहा दहा वर्षं तोच यूपीएस पायाशी घेऊन बसतात कारण त्याचा हिरवा दिवा चालू असतो. हिरव्या दिव्याचा बॅटरीशी काही संबंध नाही, तो सांगतो की भिंतीत लाइट आहे, ते आपल्याला पंखा बघूनही कळतं.

इथे टॉवरवाल्यांचं वेगळं. तुमच्याकडे जनरेटर बॅकअप आहे त्यामुळे तुम्ही यूपीएस घेतच नाही, पण लाइट गेल्यावर जनरेटर पकडेपर्यंत काही सेकंद जातात, आणि सोळा मिलिसेकंदांपुढे काही सेकंद म्हणजे युग झालं. १२ ऑक्टोबर २०२० आठवतो? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि त्यात सगळ्यांचं वर्क फ्रॉम होम. त्या दिवशी यूपीएसचं महत्त्व पटलेले किती जण होते, आणि आज त्यातल्या किती जणांनी बॅटरी बदललीय विचारा.

एसएमपीएसबद्दल आणखी एक. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर वाशीला, सातशे रुपयांतही ४५० वॉटचा एसएमपीएस मिळतो, आणि लेबलवर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलंही असतं. तुम्ही तो आकडा वाचू नका, खाली छोट्या टेबलमध्ये बारा व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. सोळा लिहिलेत? बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही बाराच्याच लाइनवर जगतात, म्हणजे तुमच्या कामाचे वॉट १९२, बाकीचे नुसते कागदावर. मुलगा म्हणतो एक्सेल चालतं, यूट्यूब चालतं, गेम लावली की पाच मिनिटांत रिस्टार्ट, आणि आई म्हणते बरंच झालं! पण कारण हेच असतं, ग्राफिक कार्ड क्षणभरासाठी त्याच्या ठरलेल्या वॉटच्या बरंच वर उडी मारतं आणि स्वस्त एसएमपीएस तिथे हात टेकतो. एसएमपीएस स्वतः उघडायचा मात्र नाही, पिन काढल्यावरही त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघायला हरकत नाही, पिन काढून, साइडचं पॅनेल उघडून, टॉर्च मारून. प्रोसेसरच्या शेजारी छोटे डबे उभे असतात, त्यांचं डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं असेल, किंवा वर तपकिरी काहीतरी वाळलेलं दिसलं, तर बोर्डाचं वय झालं. दोन हजारच्या आगेमागे खराब इलेक्ट्रोलाइट भरलेले असे लाखो कपॅसिटर जगभर विकले गेले होते, नामांकित कंपन्यांचे बोर्ड त्यात गेले. आता नवीन बोर्डांवर सॉलिड कपॅसिटर असतात म्हणून हे कमी दिसतं, पण घरातला जुना पीसी "चालतोय ना" म्हणून आजोबांना दिलेला असतो, त्यात बघाच.

पॅनेल उघडलंच आहे तर धूळ. घोडबंदर रोडला आधी डंपर आणि मग मेट्रोचं काम, इथल्या धुळीबद्दल मी काय बोलणार तुम्हाला. प्रोसेसरवरचा पंखा फिरताना दिसतो म्हणून लोक समाधानी असतात, पण पंख्याच्या खाली हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धुळीची अख्खी गादी बसलेली असते, हवा खाली जातच नाही. प्रोसेसर साधारण शंभर डिग्रीपर्यंत गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि त्यावरही तापला तर सरळ बंद होतो. उष्णतेने गेलेला पीसी बहुतेक वेळा बंदच पडतो, रिस्टार्ट होत नाही, आणि लगेच बटण दाबलं तर थोडा वेळ चालून परत जातो, हा फरक लक्षात ठेवा. ब्लोअर मारा, पंख्याला बोट लावून धरा म्हणजे तो गरागरा फिरणार नाही, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवीन लावा, आणि तो सीपीयूचा अख्खा डबा कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, सुतार ते कप्पे दिसायला छान म्हणून करतात, आतल्या हवेचा त्याने विचार केलेला नसतो. आणि झुरळं, पाली. हसू नका, एसएमपीएसमध्ये ऊब असते.

रॅमचं सोपं आहे. दोन काड्या असतील तर एक काढून दोन दिवस चालवा, मग दुसरी. सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा, हा आपला देशी उपाय आहे आणि दमट हवेत तो खरंच चालतो, खाडीकाठच्या ऐरोली वाशीत तर जास्तच. विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक रात्री लावून झोपा. पास झाली म्हणजे रॅम चांगलीच असं नाही, पण नापास झाली तर वाद नको.

हां, विचारा. नाही काकू, लॅपटॉपला हे सगळं तसंच्या तसं लागू नाही, त्याला बॅटरी आहे, डुलकी लागतच नाही. चार्जर लावल्यावर ठीक आणि काढला की लगेच बंद, म्हणजे बॅटरी. गादीवर ठेवून वापरता का? मग आधी ते बंद करा.

तुमचं काय, मागे? कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? काका, हे रिस्टार्टपेक्षा आधी बघायला हवं. तुमच्या प्लगला अर्थिंग मिळत नाहीये, बहुतेक थ्री पिनचं टू पिन करणारा ॲडॅप्टर लावलाय नाहीतर जुन्या वायरिंगमध्ये अर्थची तारच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटवर येतोच, अर्थ असली की तो जमिनीत जातो, नसली की तुमच्या बोटातून. वायरमन बोलवा, उद्याच, आणि तोपर्यंत अनवाणी त्याला हात लावू नका.

आणि शेवटचा प्रश्न, प्रिंटर यूपीएसवर लावू का. इंकजेट असेल तर लावा. लेझर असेल तर नाही, त्यातला फ्यूझर, म्हणजे शाई कागदावर वितळवून बसवणारा गरम रोलर, तापताना एकदम इतकं ओढतो की घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस ओव्हरलोड होऊन शिट्टी मारतो आणि पीसीलाही घेऊन जातो. लेझर थेट भिंतीत, आणि गणपतीत मखराच्या माळा पीसीच्या एक्स्टेंशन बोर्डावर नकोत.